टाकू की ठेवू?

स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त वेळा पडणारा प्रश्न ‘आज काय करायचं?’ हा आहे, असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्याहून जास्त वेळा पडतो तो ‘हे टाकू की ठेवू?’ हा प्रश्न. कालचा वाडगाभर भात, कोंब फुटलेले बटाटे, एका बाजूनं मऊ पडलेला टोमॅटो, तळण झाल्यावर कढईत उरलेलं तेल. वस्तू हातात असते, कचऱ्याचा डबा पायाशी असतो आणि मन दोन्हीकडे ओढ घेतं. टाकलं तर अन्न टाकल्याची बोचणी लागते आणि ठेवलं तर घरातल्या कुणाचं तरी पोट बिघडेल अशी धास्ती वाटते.

हा प्रश्न उघडपणे विचारायला माणसं संकोचतात. इतकी वर्षं स्वयंपाक करते आणि एवढंही ठाऊक नाही, असं कुणी म्हणेल याची भीती असते. मग वास घेऊन, थोडंसं चाखून जो तो आपापला निकाल लावून मोकळा होतो. मला या साध्या प्रश्नांविषयी फार आस्था आहे. मोजून-मापून संसार करणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं ते पैशाचे प्रश्न असतात, तब्येतीचे असतात आणि अन्नाची कदर करण्याचेही असतात. आणि एकूण पसारा पाहिला तर ते लहानही नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं. हॉटेलं आणि दुकानं त्यानंतर येतात. माणशी हिशेब केला तर वर्षाला सरासरी ७९ किलो, तेही फक्त घरातलं.

आकडा वाचल्यावर पहिला विचार येतो की आता काहीच टाकायचं नाही. पण मी एवढ्या वर्षांच्या स्वयंपाकातून ज्या मताला आले आहे ते थोडं वेगळं आहे. काटकसर करणाऱ्यानं काही गोष्टी बिनधास्त ठेवाव्यात आणि काही गोष्टी अजिबात हळहळ न करता टाकाव्यात. कुठली कुठे, हे युक्त्या पाठ करून कळत नाही. त्यामागचं कारण समजून घ्यावं लागतं. युक्ती एका पदार्थापुरती असते, कारण मात्र दहा ठिकाणी उपयोगी पडतं.

वासाचंच घ्या. अन्न नासवणारे जिवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बरेचदा वेगळे. पहिल्यांमुळे आंबूस वास येतो, चिकटपणा येतो, रंग बदलतो. दुसऱ्यांपैकी अनेकांचा वासही येत नाही आणि चवही लागत नाही. त्यामुळे वास वाईट आला तर टाकावं हे खरं असलं, तरी वास आला नाही म्हणजे चांगलं आहे हे खरं नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे भात. कच्च्या तांदळात ‘बॅसिलस सिरियस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. हे बीजाणू इतके चिवट की उकळत्या पाण्यातही तगून राहतात. भात शिजून पातेल्यात तसाच कोमट राहिला की ते जागे होतात, वाढायला लागतात आणि त्यातले काही एक विष तयार करतात, ज्यानं काही तासांत उलट्या सुरू होतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे सकाळपासून ओट्यावर राहिलेला भात रात्री कितीही खरपूस परतला तरी जिवाणू मरतील, विष जसंच्या तसं राहील. ‘नीट गरम करून घेतलं की काही होत नाही’ हा सल्ला इथं लागू पडत नाही आणि म्हणूनच तो मला धोक्याचा वाटतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, ऐकणाऱ्याचा विश्वास असतो, आणि भाताला वासही येत नसतो.

पण याचा अर्थ उरलेला भात टाकावा असा मुळीच नाही. जिवाणूंना वाढायला साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस तापमान मानवतं, तेव्हा त्या पट्ट्यातून भात लवकर बाहेर काढायचा, इतकंच काम असतं. मोठ्या पातेल्यात दाबून ठेवलेला भात वरून गार झाला तरी मधोमध कितीतरी तास कोमट राहतो. तोच परातीत पातळ पसरला की अर्ध्या तासात निवतो. मग झाकून तास-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचा, दुसऱ्या दिवशी संपवायचा आणि खाताना एकदाच, वाफा निघेपर्यंत गरम करायचा. याला खर्च शून्य. फ्रिजचं तापमान ४ अंश किंवा त्याखाली असावं, आणि फ्रिज इतका ठासून भरू नये की आत हवा खेळायला जागाच उरणार नाही. हेच रस्सा, सूप, शिजवलेली कडधान्यं यांनाही लागू आहे. उथळ भांडं ही माझ्या मते काटकसरी स्वयंपाकघरातली सर्वांत मोलाची वस्तू आहे.

लसणाचंही असंच सांगायला हवं. सोललेल्या लसणाच्या पाकळ्या तेलात बुडवून बाटली बाहेर ठेवली की त्या टिकतात, असा समज आहे. तेलाखाली हवा पोचत नाही आणि लसणात आंबटपणा नाही, ही नेमकी बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूला हवी असलेली परिस्थिती. त्याच्या विषाला चव नाही, वास नाही, आणि ते जिवावर बेतू शकतं. असं तेल थोडंच करावं, फ्रिजमध्ये ठेवावं, तीन-चार दिवसांत संपवावं. किंवा लसूण वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा, तो महिनोन् महिने राहतो.

आता जळणाकडे येते, कारण जिथं निर्धास्तपणे वाचवता येतं अशी ही जागा आहे आणि तिच्याकडे लक्ष फार कमी जातं.

पाणी एकदा उकळायला लागलं की त्याचं तापमान वाढत नाही. समुद्रसपाटीला ते १०० अंशांवरच राहतं, मग ते मंद आचेवर बुडबुडत असो की मोठ्या ज्वाळेवर खदखदत. त्यामुळे उकळी आल्यावर आच मोठी ठेवली म्हणून बटाटे लवकर शिजत नाहीत. मग ती जास्तीची उष्णता जाते कुठं? वाफेत. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेच उकळतं पाणी संपूर्ण वाफ करून उडवायला सुमारे २,२५७ किलोज्यूल लागते, म्हणजे जवळजवळ पावणेसात पट. ज्या घरात पातेल्यावर झाकण नाही आणि आच मोठी आहे, तिथं जळणाचा मोठा वाटा हवेत जातो आहे. पाणी तापत असताना आच मोठी, उकळी आली की झाकण ठेवून आच बारीक, पाणी लागेल तेवढंच. हा हिशेब पहिल्यांदा समजला तेव्हा मला अतिशय आनंद झाला होता, कारण इतकी वर्षं ‘आच कमी कर’ असं नुसतंच ऐकलेलं होतं, त्यामागचं कारण कुणी सांगितलं नव्हतं.

प्रेशर कुकरचं गणित याच्या पुढचं. भांडं घट्ट बंद केलं की वाफेचा दाब वाढतो आणि दाब वाढला की पाणी उकळण्याचं तापमानही चढतं. घरातल्या कुकरमध्ये ते १२० अंशांच्या आसपास जातं. मूळ फ्रान्सच्या डेनी पापँ यानं १६७९ साली लंडनमध्ये असं भांडं करून दाखवलं होतं आणि त्याचा सगळा भर हाडं मऊ करण्यावर होता; जे टाकून दिलं जायचं त्यातूनही अन्न काढायचं, हा त्यामागचा विचार. त्यानंच त्या भांड्याला दाब सोडणारी झडपही बसवली. कुकरमध्येही पूर्ण दाब आल्यावर आच मोठी ठेवण्यात काही अर्थ नाही, जास्तीची वाफ फक्त झडपेतून बाहेर पडत राहते. डोंगराळ भागात राहणाऱ्यांना कुकरचा उपयोग सगळ्यात जास्त, कारण दर ३०० मीटर उंचीमागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशानं उतरतो आणि कडधान्यं उघड्या भांड्यात शिजता शिजत नाहीत.

कुकर नसेल तर आणखी एक जुनी रीत आहे, जी मला विशेष आवडते. पदार्थाला चांगली उकळी आणायची, झाकण घट्ट लावायचं आणि ते पातेलं गवतानं, लोकरीनं किंवा जाड गोधड्यांनी भरलेल्या पेटीत पुरून ठेवायचं. विस्तव नाही, राखण नाही. आतल्या उष्णतेवरच पदार्थ शिजत राहतो. युरोपात १९ व्या शतकात आणि पुढे महायुद्धांच्या टंचाईच्या काळात अशा पेट्या घरोघरी वापरल्या गेल्या. पातेलं भरलेलं असावं, कारण थोडा पदार्थ लवकर निवतो. आणि पेटीतून काढल्यावर पुन्हा एकदा उकळी आणावी. मी तर एरवीही पदार्थ ऐंशी टक्के शिजला की शेगडी बंद करते आणि झाकण न उघडता पंधरा मिनिटं तसाच ठेवते.

मात्र राजमा या रीतीनं थेट शिजवू नये. लाल राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं, जे कच्च्या दाण्यांत भरपूर असतं आणि चार-पाच अर्धकच्चे दाणेसुद्धा जोराच्या उलट्या-जुलाबांना पुरे होतात. ते खऱ्या उकळीनंच नष्ट होतं. ८० अंशांच्या आसपास, न उकळता शिजवत ठेवलं तर त्याचा जोर वाढूही शकतो. म्हणून राजमा निदान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात घालून कमीत कमी दहा मिनिटं खळखळून उकळायचा; काही अन्नसुरक्षा संस्था अर्धा तास सांगतात. त्यानंतर खुशाल मंद आच, पेटी, काय हवं ते. जळण कुठं वाचवायचं नाही, हे सांगणारा माझ्या ओळखीचा हा सर्वांत स्पष्ट पदार्थ आहे.

कडधान्यांबद्दल मला सर्वांत जास्त वेळा विचारलं जातं ते असं: ‘तासन् तास शिजवलं तरी दाणा टणकच, काय करू?’ बहुतेक वेळा दोष शिजवणाऱ्याचा नसतो. उष्ण, दमट जागी फार दिवस साठवलेले दाणे आतूनच बदलतात आणि मग पाणी पीत नाहीत. दुसरं कारण जड पाणी. पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या सालीतल्या पेक्टिनला धरून ठेवतं, साल घट्ट होते. तिसरं म्हणजे आंबट पदार्थ लवकर घालणं. टोमॅटो, लिंबू किंवा व्हिनेगर दाणा मऊ झाल्यावरच घालावं. मिठाबद्दल मात्र उलटाच समज रूढ आहे. मीठ घातलं की दाणा शिजत नाही असं म्हणतात, पण भिजवायच्या पाण्यात घातलेलं मीठ उपकारकच ठरतं. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. एका लिटरला चमचाभर मीठ, रात्रभर भिजवण, सकाळी धुऊन ताज्या पाण्यात शिजवणं, एवढं पुरतं. चिमूटभर खाण्याचा सोडाही काम करतो, पण त्यानं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि जास्त पडला तर साबणासारखी चव लागते. फार जुने दाणे असतील तरच मी सोड्याकडे वळते.

बटाट्याला हवा अंधार. उजेडात त्याची साल हिरवी होते. हिरवा रंग क्लोरोफिलचा आणि तो स्वतः निरुपद्रवी, पण त्याच उजेडानं सोलॅनिनसारखी कडवट विषारी द्रव्यंही वाढतात आणि ती शिजवल्यानं जात नाहीत. हिरवा भाग जाड कापून काढावा, कोंब मुळासकट खरवडावेत. बटाटा आतपर्यंत हिरवा असेल किंवा कडू लागला तर टाकावा, मन घट्ट करून. फ्रिजमध्येही ठेवू नये, थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना तो काळपट होतो. कांद्याच्या शेजारीही बटाटे शक्यतो ठेवू नयेत. पिकलेली केळी आणि सफरचंदं पालेभाज्यांपासून दूर ठेवावीत, कारण त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं पानं पिवळी पडतात. आणि मरगळलेली पालेभाजी टाकण्याआधी अर्धा तास बर्फासारख्या गार पाण्यात बुडवून बघावी. ती शिळी झालेली नसते, फक्त तिच्या पेशींतलं पाणी गेलेलं असतं.

पावाची गंमत निराळी आहे. पाव शिळा होतो म्हणजे सुकतो, असं आपण धरून चालतो. १८५२ साली बुसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की पाणी अजिबात उडू दिलं नाही तरी पाव शिळा होतो. त्यातलं शिजलेलं स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट रचनेत बसतं, म्हणून तो कडक लागतो. ही क्रिया फ्रिजच्या थंडीत सर्वांत वेगानं होते आणि फ्रीझरमध्ये जवळजवळ थांबते. तेव्हा पाव दोन दिवस बाहेर, नाहीतर काप करून थेट फ्रीझरमध्ये. फ्रिजमध्ये कधीच नको. शिळा पाव ६० अंशांवर गरम केला की तेवढ्यापुरता परत मऊ होतो.

बुरशी आलेला पाव मात्र पूर्ण टाकायचा. वर दिसणारा ठिपका हे बुरशीचं फक्त फळ, तिचे तंतू आत कुठवर गेले ते डोळ्यांना दिसत नाही. मऊ, ओलसर पदार्थांना, जॅमलाही, हाच नियम. घट्ट चीजला ठिपक्याभोवती इंचभर कापून उरलेलं वापरता येतं. शेंगदाणे आणि मका यांच्या बाबतीत तर मी एक दाणाही वाचवत नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतून अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. ते यकृताचा कर्करोग घडवतं आणि भाजून-तळून पुरतं जात नाही. खवट, काळपट, सुरकुतलेला दाणा निवडून टाकायला पाच मिनिटं लागतात.

तळणाचं तेल पुन्हा वापरता येतं. निवल्यावर गाळून, झाकून, अंधारात ठेवायचं. तळाशी राहिलेले करपलेले कणच त्याला लवकर बिघडवतात. फेस यायला लागला, दाट झालं, पूर्वीपेक्षा कमी आचेवर धुरायला लागलं की त्याचा शेवट झाला असं समजावं. मोरीत ओतू नये, नळीत थिजून बसतं.

रस्सा खारट झाला की त्यात बटाटा टाकावा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. बटाटा मीठ निवडून घेत नाही, तो खारट पाणीच शोषतो, म्हणजे उरलेला रस्सा होता तितकाच खारट. खरा उपाय एकच, बिनमिठाचं आणखी काहीतरी घालून रस्सा वाढवणं. वाढलेला रस्सा गोठवता येतो, तेव्हा नुकसान काहीच नाही. पाकिटावरच्या तारखांबद्दलही थोडक्यात सांगते: ‘या तारखेपूर्वी उत्तम’ हे चवीबद्दल असतं आणि ती तारीख उलटली म्हणून कोरडं धान्य टाकायचं कारण नाही. ‘या तारखेपर्यंतच वापरा’ हे सुरक्षिततेबद्दल असतं आणि ते पाळावं. अंडं पाण्यात तरंगलं तर ते जुनं आहे एवढंच कळतं, कारण आतली हवेची पोकळी दिवसागणिक वाढते. खराब आहे की नाही हे वेगळ्या वाटीत फोडूनच ठरवावं.

घासणं-पुसणं हेही घरखर्चातच येतं. सोडा आणि व्हिनेगर दोन्ही स्वस्त आणि दोन्ही गुणी, पण एकत्र केले की एकमेकांना मारतात. फसफसतं छान, उरतं मात्र जवळजवळ नुसतं पाणी आणि एक क्षार. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि दोन चमचे सोडा घालून उकळावं आणि तसंच निवू द्यावं. अॅल्युमिनियमच्या भांड्याला हे करू नये, सोडा त्या धातूला खातो. किटलीतला पांढरा थर व्हिनेगरनं जातो. घरी साफसफाईची द्रावणं करणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. अमोनियाही नको.

इतकं सगळं पाळूनही काही ना काही उरतंच. त्यासाठी मी फ्रीझरमध्ये एक डबा ठेवला आहे. गाजराची टोकं, कांद्याच्या आतल्या पाती, कोथिंबिरीच्या काड्या, मशरूमचे देठ, टोमॅटोचे कापून काढलेले तुकडे त्यात जात राहतात. डबा भरला की सगळं पाण्यात घालून झाकणाखाली पाऊण तास मंद उकळायचं आणि गाळून घ्यायचं. भात, सूप, कडधान्य, ज्यात पाणी घालतो त्यात हे घालावं, चव एकदम भरते. कोबी आणि फुलकोबीचे देठ बेतानं, त्यांचा वास सगळ्यावर मात करतो. बिटाचा रंग हवा असेल तरच बीट. आणि हिरवट बटाट्याच्या साली त्या डब्यात कधीच नको.